खाणींनंतरची भूमी : बालाघाट आणि वैनगंगेचे खोरे

बालाघाट म्हटले की मराठी वाचकास बहुधा मराठवाड्यातील त्या नावाची डोंगररांग आठवते. प्रस्तुत लेखातील बालाघाट तो नव्हे. तो मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवरील, वैनगंगेच्या काठचा जिल्हा होय. मंडला, शिवनी व भंडारा ह्या जिल्ह्यांचे भाग जोडून १८६७ साली तो बनविण्यात आला. पूर्वी ह्या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर, भंडारा व बालाघाट एकाच प्रांतात नांदत होते. पुढे मध्ये सीमा आली, तरी भूगर्भाने ती मानलेली नाही. मँगनीजचा एकच पट्टा ह्या तिन्ही जिल्ह्यांतून गेला आहे, आणि त्याबरोबर खाणींची सुखदुःखेही सारखीच आली आहेत.

पोलाद कणखर करण्यास मँगनीज लागते. त्याच्या शोधार्थ १८९६ साली स्थापन झालेली इंग्रजी मंडळी पुढे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. रशियात १९०५ साली अशांतता माजून कॉकेशसचा माल अडला, तेव्हा मध्य प्रांतातील खनिजास मोठा भाव आला. भरवेली, उकवा, तिरोडी ही बालाघाटातील नावे त्या काळापासून व्यापारी जगास परिचित झाली. १९६२ साली सरकारच्या भागीदारीने ‘मॉइल’ ही कंपनी निघाली व १९७७ साली विदेशी भागही सरकारने घेतला. भूशास्त्रज्ञ फर्मर ह्यांनी १९०९ च्या आपल्या बृहद्ग्रंथात येथील मँगनीजयुक्त खडकास गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. लोकांचे नाव दगडास मिळाले. त्यांच्या भूमीचे मात्र पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

उघड्या खाणीत प्रथम वरची माती व निरुपयोगी खडक काढावा लागतो. तो जवळच टाकला जाई आणि खनिज संपले की माणसे पुढे सरकत. अशा ढिगाऱ्यात सुपीक माती तळाशी गाडली जाते आणि खालचा निर्जीव दगड वर येतो. त्यात नत्र नाही, कुजलेला पालापाचोळा नाही, पाणी धरून ठेवण्याची शक्ती नाही. उन्हाळ्यात तो तापतो. पावसाळ्यात उतारावर आधी बारीक रेघा, मग चर, मग घळी पडतात, आणि गाळ शेतांतून व ओढ्यांतून वैनगंगेस मिळतो. बी पडले तरी रुजण्यापूर्वीच वाहून जाते.

येथे एका विसंगतीची नोंद करणे उचित होईल. ह्या डोंगरांतील बैगा लोक नांगरणे म्हणजे भूमातेची छाती विदारणे असे मानीत, हे एल्विन ह्यांनी १९३९ साली लिहून ठेवले आहे. प्रातःकाळी भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याचा आपल्या घरांतील परिपाठ ह्याच भावनेचा आहे. बैगांच्या बेवर शेतीने जंगल नासते, म्हणून सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले. खाणवाल्यांनी मात्र भूमी पूर्ववत करून द्यावी, असा स्पष्ट नियम होण्यास १९८८ साल उजाडले. वरची माती वेगळी काढून जपावी, ढिगारे झाडोऱ्याने स्थिर करावेत, असे त्या वर्षीच्या खनिज संवर्धन व विकास नियमांनी ठरविले. २००३ पासून खाण बंद करण्याची योजनाही आधीच मंजूर करून घ्यावी लागते. पण जुन्या ढिगाऱ्यांची माती केव्हाच गेली होती.

ह्यावर उपाय शोधण्याचे श्रेय नागपूरच्या ‘नीरी’ ह्या संस्थेस, विशेषतः डॉ. आशा जुवारकर ह्यांच्या संशोधनास आहे. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर त्यांनी वृक्षारोपणाआधी माती घडविण्याचा मार्ग धरला. उसाचा रस गाळल्यावर साखर कारखान्यात उरणारा गाळ, म्हणजे प्रेसमड, खड्ड्यांत घालण्यात आला. त्याने सेंद्रिय अंश व स्फुरद मिळाले. रोपांच्या मुळांशी नत्र स्थिर करणारे रायझोबियम व अॅझोटोबॅक्टर हे जिवाणू सोडले. मुळांशी सख्य करून दूरवरचे पाणी व स्फुरद आणून देणारी बुरशीही दिली. मग साग, शिसम, कडुलिंब, शिवण, आवळा, बांबू अशी ओळखीची झाडे त्या दगडांत वाढू लागली. झाडांनी पाने गाळली, पानांची माती झाली, आणि पावसाच्या थेंबाचा मार ओसाड दगडाऐवजी पानांवर पडू लागला.

गोमंतकीय वाचकांस हा विषय परका नाही. डिचोली व सांगे भागांतील लोहखाणींचे ‘डंप’ आणि पावसाळ्यात शेतांत उतरणारा तांबडा चिखल त्यांनी पाहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तेथील खाणी थांबविल्या, तरी ढिगारे जागीच राहिले. पुष्कळ डंपांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावली गेली. ती लवकर हिरवी दिसते; पण केवळ हिरवेपणा म्हणजे जमीन बरी झाली, असे समजणे योग्य नव्हे. गवत, झुडूप व वृक्ष ह्या तिन्हींची मुळे वेगवेगळ्या खोलीवर माती धरतात, आणि ती धरण्यास आधी माती असावी लागते.

देवराईतील पडलेले पानही उचलू नये, ही आपल्या पूर्वजांची रूढी होती. देवाच्या धाकाने का होईना, त्या पाचोळ्याची माती होण्यास अवधी मिळाला. खाणीच्या ढिगाऱ्यासही आता तेच हवे आहे. पहिला खुराक शास्त्राने द्यावा. त्यानंतर कुऱ्हाड व चराई दूर ठेवून कित्येक वर्षे त्यास राखणे, हे काम त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या समाजाचे आहे, आणि त्यासाठी त्या समाजास त्या भूमीवर काही हक्कही दिला पाहिजे.