आपलं पत्र आपण वाचण्याची कुळकथा

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलेशिया डोंगरांत घडणाऱ्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या वाचताना एक प्रसंग पुन्हा पुन्हा भेटतो. कंदिलाच्या उजेडात कुणी मोठं माणूस लहान मुलांच्या बाकावर अवघडून बसलेलं असतं. कुऱ्हाडीने घट्टे पडलेल्या बोटांत पेन्सिल असते, शेजारी शिकवणारी उभी असते. कागदावर पहिल्यांदा नाव उमटतं आणि त्या दोघांमधलं काहीतरी कायमचं बदलतं. या प्रसंगाचं कूळ शोधत मागे गेलं की आपण केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीत पोचतो. तिथे भेटते ती प्रेयसी नव्हे, एक आई.

तिची मुलगी शिकागोला गेली होती. मुलीचं पत्र आलं की आई ते घेऊन मोरहेडला काउंटीच्या शाळा-अधीक्षक कोरा विल्सन स्ट्युअर्ट यांच्याकडे येई. कोरा पत्र वाचून दाखवत आणि आई सांगेल ते उत्तर लिहून देत. मग काही आठवडे ती आलीच नाही. आली ती पत्र हातात घेऊन, पण आता ते स्वतः वाचता येतं हे सांगायला. ओढ्यांना पूर आला की शेजाऱ्यापाशीही जाता येत नसे, उत्तर दिवसेंदिवस अडून राही. त्याहून खोल दुखणं वेगळंच होतं: आपल्यात आणि लेकीत सतत एक भिंत उभी आहे, असं तिला वाटे. म्हणून तिने स्पेलिंगचं पुस्तक विकत घेतलं आणि रात्री जागून अक्षरं गिरवली.

याच सुमारास कोरांना आणखी दोघे भेटले. एक मध्यमवयीन माणूस त्यांच्या कचेरीतली पुस्तकं नुसती हाताळत होता. वाचता येण्यासाठी आयुष्याची वीस वर्षं देईन, असं तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. दुसरा तरुण, डोंगरी कथागीतं रचणारा. लिहिता येत नसल्याने त्याची कितीतरी गीतं कुणी टिपून घेण्याआधीच त्याच्या स्मरणातून निसटली होती. आई, पुस्तकांचा भुकेला आणि कवी: हे तिघे पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळपुरुष.

दिवसभर शेतात आणि जंगलात राबणाऱ्यांना शाळेत रात्रीच येता येणार होतं. पण वाटा खाचखळग्यांच्या, ओढ्यांवर पूल नाहीत. तेव्हा ठरलं की शाळा चांदण्या रात्री भरवायची. ‘मूनलाइट स्कूल’ हे नाव काव्यासाठी दिलेलं नाही. पाऊल कुठे पडतंय ते दिसावं, एवढाच चंद्राचा उपयोग होता. काउंटीतल्या शिक्षकांनी दिवसाच्या शाळेनंतर बिनपगारी शिकवायचं कबूल केलं आणि घरोघर पायी फिरून बोलावणं केलं. ५ सप्टेंबर १९११ च्या रात्री दीडशे माणसं येतील असा अंदाज होता. बाराशे आली. त्यांत अठरा वर्षांचे होते, तसे शहाऐंशीचेही.

मोठ्या माणसांपुढे बालवाचन ठेवणं कोरांना अपमानाचं वाटलं. त्यांनी सोप्या वाक्यांत गावच्या बातम्या देणारं छोटं वर्तमानपत्र छापलं. पहिल्याच दिवसापासून माणूस पेपर वाचत होता; त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. नाव लिहायला शिकवण्यासाठी टीपकागदावर खोलगट अक्षरं दाबून घेत. त्या खाचेतून पेन्सिल फिरवता फिरवता हाताला वळण लागे. आपल्याकडे निरक्षराने अंगठा उठवावा, तशी तिकडे सहीच्या जागी फुली मारत. ती फुली आता पुसली जात होती. पुढे १९१५ पासून आलेल्या ‘कंट्री लाइफ रीडर्स’ या वाचनमालेत रस्ते, फळझाडं, बँक, मतदान असे मोठ्यांच्या जगण्यातले धडे होते. कोरांच्या नोंदीप्रमाणे काउंटीत १,१५२ निरक्षर होते. काही वर्षांत वाचता न येणारे २३ उरले.

कादंबरीची वाट मात्र याआधीच सुरू झाली होती. १९०८ साली जॉन फॉक्स यांची ‘द ट्रेल ऑफ द लोनसम पाइन’ आली. तिच्यात बाहेरून आलेला एक इंजिनिअर डोंगरातल्या जून टॉलिव्हर या मुलीला शिकायला पाठवतो. शिकून परतते तेव्हा तिला स्वतःचंच घर परकं वाटतं. विद्या इथे प्रियकराची देणगी आहे आणि तिची किंमत म्हणून माहेर हातातून सुटतं. रोवन काउंटीत १८८४ ते १८८७ या काळात जे रक्तरंजित वैर पेटलं, त्यातलं एक घराणंही टॉलिव्हरच होतं. बाहेरच्या जगाला हे डोंगर ठाऊक होते ते अशा वैरांमुळे.

१९६७ च्या ‘क्रिस्टी’त कॅथरीन मार्शल यांनी विद्या देणारा आणि घेणारी यांचं हे नातं बदललं. मिशनच्या शाळेत शिकवायला गेलेल्या आपल्या आईच्या आठवणींवर त्यांनी ही कादंबरी उभी केली. टेनेसीच्या डोंगरात आलेली तरुण शिक्षिका क्रिस्टी ही फेअरलाइट स्पेन्सर या लेकुरवाळ्या बाईला वाचायला शिकवते आणि तिच्याकडून डोंगराचं शहाणपण शिकते. क्रिस्टीच्या मनात कोण, हा प्रश्न कथेला पुढे नेतो. पण पुस्तक मिटल्यावर माझ्याजवळ राहते ती या दोघींची मैत्री. २०२१ साली सुझॅन वुड्स फिशर यांची ‘द मूनलाइट स्कूल’ थेट रोवन काउंटीत शिरली. कोरा त्यात पात्र म्हणून वावरतात आणि नायिका लूसी डोंगरकरांची पत्रं लिहून देते. कादंबरी अशी पुन्हा त्या आईच्या उंबऱ्याशी आली.

या गोष्टींना प्रेमकथेचं रूप शोभतं ते मला वाटतं या पत्रांमुळेच. दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं त्या पत्रात काळीज उघडं करता येत नाही. लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की मध्ये तिसरं माणूस बसलंय. अक्षरं आली की ते तिसरं माणूस उठून जातं. प्रेमाला हवा असतो तो एकांत इथे अक्षरांनी मिळतो, मग पत्र लेकीचं असो की प्रियकराचं.

मात्र या कादंबऱ्यांनी एक गोष्ट जपायला हवी. दिवा नेहमी बाहेरून आलेल्या सुंदर शिक्षिकेच्याच हातात दिला, तर डोंगरातली माणसं अंधाराएवढीच उरतात. कोरा बाहेरच्या नव्हत्या; १८७५ साली त्या केंटकीतच जन्मल्या, याच भागात वाढल्या. शिकवणारेही तिथल्याच शाळांचे शिक्षक होते. कोरांच्या वाट्याला कादंबरीतलं सुख आलं नाही. एकुलतं एक मूल तान्हेपणी गेलं, लग्न मोडलं. पुढे काचबिंदूने दृष्टीही गेली आणि १९५८ साली त्या वारल्या. त्यांची गोष्ट प्रेमकथेच्या साच्यात बसत नाही. पण त्या साच्यातला प्रत्येक कंदील त्या एका आईच्या दिव्यावरून पेटलेला आहे: ओढा भरून वाहतोय, शेजारी जाता येत नाही, आणि ती एकटी बसून लेकीचं नाव अक्षर अक्षर जुळवते आहे.