चाल ध्यानात ठेवणारा

अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा इतिहास सांगायला बसलं की लोक ब्रिस्टलपासून सुरुवात करतात. मीही तिथूनच करते, पण मला पोहोचायचंय लेस्ली रिडलपाशी.

ब्रिस्टलच्या मुख्य रस्त्याची एक बाजू टेनेसी राज्यात, दुसरी व्हर्जिनियात. १९२७ च्या जुलैअखेर व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर तिथे ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन उतरला. भोंग्यासमोर बसलेला कुत्रा आपल्याकडे एचएमव्हीच्या तबकड्यांवर असायचा. तोच या व्हिक्टरच्याही तबकड्यांवर होता. टोप्यांच्या कंपनीच्या जुन्या इमारतीत दोन आठवड्यांत पीअरने ७६ गाणी मुद्रित केली.

ती गाणाऱ्यांत कार्टर मंडळी होती. ए. पी. कार्टर फळझाडांची रोपं विकत फिरायचा. त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल या नात्याने बहिणी आणि आता जावा. भावाची मोटार उसनी घेऊन, खराब रस्त्याने ते ब्रिस्टलला आले. मेबेल अठरा वर्षांची होती आणि तिला आठवा महिना होता. १ ऑगस्टला तिने तिथे जी गिटार वाजवली ती मी आजही कान देऊन ऐकते. खर्जाच्या तारांवर अंगठ्याने चाल, वरच्या तारांवर बोटांनी ठेका; एकच बाई गाणारीला सूरही देते आणि लयही धरते. मी पेटीवर साथ करते, त्यामुळे हे किती अवघड आहे ते मला कळतं.

तबकड्या खपू लागल्या, तशी नव्या गाण्यांची गरज पडली. ए. पी. डोंगरातल्या वस्त्यांमधून गाणी गोळा करत हिंडू लागला. शब्द तो लिहून घ्यायचा, पण चाल त्याच्या डोक्यात टिकत नसे. १९२८ च्या सुमारास टेनेसीतल्या किंग्जपोर्टला त्याची रिडलशी गाठ पडली. रिडल कृष्णवर्णीय होता. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता, उजव्या हाताची दोन बोटंही नव्हती. उरलेल्या बोटांनी त्याने वादनाची स्वतःची रीत घडवली होती. एकदा ऐकलेली चाल तो विसरत नसे.

मग दोघे बरोबर निघू लागले. गोऱ्याकाळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांचा तो दक्षिणेचा मुलूख. त्यात हे दोघे कृष्णवर्णीयांच्या घरी, चर्चमध्ये जाऊन गाणी ऐकायचे. एकाच्या वहीत शब्द उतरायचे, दुसऱ्याच्या डोक्यात चाल. परतल्यावर रिडल ती चाल सारा आणि मेबेलला शिकवायचा. कार्टरांच्या घरी त्याचा मुक्काम कधी कधी आठवडेच्या आठवडे असे. मेबेलने त्याच्याकडून गिटारची बोटंही उचलली; ‘द कॅननबॉल’ हे गाणं त्याच्याकडूनच आलेलं.

गाण्यांचे हक्क मात्र पीअरच्या प्रकाशन कंपनीकडे आणि गीतकार म्हणून नाव ए. पी. कार्टरचं. सगळा व्यवहार या हक्कांवरच उभा होता, कारण प्रत्येक विकलेल्या तबकडीमागे पैसे मिळत ते नाव लावणाऱ्याला. रिडलचं नाव कुठेच नव्हतं. मैत्री खरी होती, हे मी मानते. पण मैत्रीने हिशेब फिटत नाही. साथीला बसणाऱ्याचं नाव तबकडीवरून गळतं तेव्हा त्याची कलाही दुसऱ्याच्या खात्यात जमा होते, आणि हे मला सहन होत नाही.

असा बाजूला पडलेला रिडल एकटाच नव्हता. त्याच काळात नॅशव्हिलच्या रेडिओवर डीफोर्ड बेली नावाचा कृष्णवर्णीय कलावंत माउथ ऑर्गनवर आगगाडी वाजवायचा. ग्रँड ओल ऑप्री या कार्यक्रमाचा तो पहिल्या फळीचा कलावंत. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. पुढे त्याने बूटपॉलिशच्या दुकानावर पोट भरलं. १९८२ मध्ये तो वारला आणि कंट्रीच्या मानकऱ्यांमध्ये त्याला जागा मिळाली २००५ मध्ये.

रिडल १९४० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेला. गिटारही विकून टाकली. तो पुन्हा सापडला तो मेबेलमुळे. लोकसंगीताचा अभ्यासक माइक सीगर याला तिने रिडलबद्दल सांगितलं, आणि १९६५ मध्ये सीगर त्याच्यापर्यंत पोहोचला. पुढची काही वर्षं तो त्याचं गाणं मुद्रित करत राहिला. त्यातून ‘स्टेप बाय स्टेप’ हा संग्रह निघाला १९९३ मध्ये, रिडलच्या मृत्यूनंतर. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी तो ऐकवते, कार्टर मंडळींचं गाणं त्यानंतर.