बैलाची ओढ आणि लोखंडी नांगर

उदगीर हें नांव निघालें कीं वाचकांस १७६० ची लढाई आठवते; सदाशिवरावभाऊंचा विजय आठवतो आणि त्यानंतर वर्षभरांत ओढवलेलें पानिपतहि आठवतें. कंधारचें नांव घेतलें कीं राष्ट्रकूटांचा काळ आणि तेथील किल्ला डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु ज्या काळ्या जमिनीच्या पिकावर या किल्ल्यांचीं कोठारें भरलीं, ती जमीन कोणत्या औतानें आणि किती बैलांच्या बळावर फोडली गेली, हा प्रश्न आमच्या इतिहासलेखकांनीं क्वचितच विचारला आहे. आम्हींहि तो विचारला नसता. पण मार्गशीर्ष वद्यांत माळेगांवच्या यात्रेस खंडोबाच्या दर्शनासाठीं गेलों असतां जनावरांच्या बाजारांत एक म्हातारा शेतकरी एका तांबड्या बैलाभोंवतीं पुन्हां पुन्हां फिरतांना दिसला. त्यानें विक्रेत्यास विचारलें, "पाव्हणं, कोणत्या औताला चालतो हा?" उत्तर आलें, "वखराला देवावाणी चालतो, दादा. नांगराला मात्र जोडीदार पाहून जुंपा." या दोन वाक्यांतच आमच्या प्रश्नाचा निम्मा उलगडा होता.

तो बैल लाल कंधारी जातीचा होता. गडद तांबड्या रंगाचें हें मध्यम बांध्याचें जनावर नांदेड जिल्ह्यांतील कंधार भागाचें. चौथ्या शतकांत कंधारच्या सोमदेवराय राजानें ही जात जोपासली अशी कथा सांगतात. कथेचें मोल कथेपुरतेंच धरावें. शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील देवणीचा बैल याहून थोराड. गीर, डांगी आणि स्थानिक रक्ताच्या मिश्रणांतून गेल्या सुमारें दोनशें वर्षांत ही जात घडली असें मानतात. तिचे वानेरा, बालंक्या व शेवेरा हे तीन प्रकार केवळ रंगावरून ओळखले जातात. तोंडाच्या बाजू काळ्या व अंग पांढरें तो वानेरा, पोटाखालीं काळे ठिपके तो बालंक्या, आणि सर्वांगावर वेडेवांकडे काळे डाग तो शेवेरा. हाळी-हंडरगुळीच्या बाजारांत हे शब्द पोरासोरांच्याहि तोंडीं असतात. शहरांतील शिकलेल्या माणसास मात्र ते परभाषेसारखे वाटावे, ही लाजेची गोष्ट आहे.

आतां औताकडे वळूं. जुना लांकडी नांगर माती उलटवीत नसे, तो ती पाचरीप्रमाणें फाडीत असे. भारी काळ्या जमिनींत त्याला सहा, आठ, कधीं त्याहूनहि अधिक बैल लागत. म्हणून अशी नांगरट दरसाल होत नसे. कांहीं वर्षांनीं एकदां होई, आणि मधलीं वर्षें वखराच्या पाळ्यांवर निघत. आठ बैल एका घरीं असणारा कुणबी गांवांत विरळा. ज्याचे दोन त्यानें चार-दोन शेजाऱ्यांशीं सावड करावी, वारंगुळा करावा, आणि आपली पाळी येण्याची वाट पाहावी, अशी रीत होती.

या रीतीमागें एक कठोर हिशेब आहे. दिवसभर टिकून बैल जी ओढ देतो ती सामान्यतः त्याच्या वजनाच्या दशांशाइतकी असते. पांचशें किलोच्या बैलाची ओढ पन्नास किलो, जोडीची शंभर. भारी जमिनीचा विरोध दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो धरला, तरी २० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर खोल तासास १५० किलो ओढ हवी. म्हणजे एक जोडी पुरत नाहीं. दोन जोड्या जुंपल्या तर काम चालतें; पण उन्हानें ढेकळें दगडासारखीं झालीं असतील तर त्याहि थकतात. शिवाय चार बैल एकत्र जुंपले म्हणजे ओढ बरोबर चौपट होते असेंहि नाहीं. एक पुढें, एक मागें, यांत बरेंच बळ वायां जातें. हा हिशेब कागदावर न मांडतांहि शेतकरी तो पिढ्यान्पिढ्या करीत आला.

अशा शेतकऱ्यापुढें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास आपला लोखंडी नांगर ठेवला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगांवीं सायकलींचें दुकान चालविणारा हा गृहस्थ वैरण तोडण्याच्या यंत्रावरून नांगराकडे वळला होता. लोखंडानें जमिनीस विष चढतें, या समजुतीमुळें पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. ही गोष्ट सांगतांना आमचे लेखक शेतकऱ्याच्या अडाणीपणाकडे बोट दाखवून मोकळे होतात. आम्हांस हें पटत नाहीं. विषाची समजूत खुळी होती खरी. परंतु तिच्या आड शहाण्या शंकाहि होत्या. हा नांगर आपली जोडी ओढील काय? लांकडी नांगर मोडला तर गांवचा सुतार बलुत्यावर नीट करून देई, फाळ बोथटला तर लोहार भात्यावर ठोकून देई. ओतीव लोखंडाचा फाळ तडकला तर तो जोडणार कोण? ज्याचें वर्षाचें पोट एका पेरणीवर अवलंबून आहे, त्यानें अशा शंका काढल्या तर त्यास दोष कसा द्यावा?

शंकांना उत्तर मिळालें तें शेतांतच. हराळी आणि कुंदा या गवतांनीं बळकावलेलें रान वखरास दाद देत नाहीं. मुळ्या खोल गेलेल्या असतात. माती उलटविणारा नांगर त्या मुळ्या उन्हांत आणून टाकतो. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, आणि लहानमोठ्या आकारांचे नांगर तेथून बाहेर पडूं लागले. आकारांच्या या निवडींतच खरी मेख होती. चार बैल असणाऱ्यानें आपल्या चार बैलांस झेपेल तोच आकार घ्यावा. शेजाऱ्याचा मोठा पाहून मोह धरल्यास बैल खांद्यास सुजतात आणि कर्जाचा हप्ता मात्र सुजत नाहीं. निजामाच्या राज्यांतील मराठवाड्यांत १९१८ सालीं परभणीस प्रायोगिक शेत निघालें. नव्या औतांमुळें आठ बैलांचें काम चारांवर आलें, तशी वारंगुळ्याची गरजहि कमी होत गेली असावी असें आम्हांस वाटतें. कुणब्यास मोकळीक मिळाली. शेजाराचा धागा मात्र थोडा सैल झाला.

ओढ आणि औत यांचा मेळ घालण्याचा हा पेंच बैलापुरता नाहीं. अमेरिकेंत मक्याचीं कणसें तोडणारें यंत्र आलें तेव्हां तेथील शेतकऱ्यासहि हाच प्रश्न पडला. या यंत्रांत दोन रूळ धाट खालीं ओढून कणीस तोडतात व दुसरे रूळ त्याचीं सालें काढतात. हे रूळ ट्रॅक्टरच्या पाठीमागील फिरत्या दांड्यावर चालतात. जुन्या ट्रॅक्टरांत क्लच दाबला कीं चाक आणि दांडा दोन्ही एकदम थांबत. दाट पिकांत गाडी थांबवावी तर रूळहि थांबत व यंत्र धाटांनीं चोंदून जाई. गाडी थांबली तरी दांडा फिरत राहील अशी सोय दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. तेव्हां जुन्या ट्रॅक्टरास यंत्र जोडणाऱ्यानें अश्वशक्तीबरोबर दांड्याची ही जात पाहणेंहि आवश्यक असे. आमच्याकडे असें यंत्र ज्वारीस लावावें तर दुसरीच अडचण. कणीस हातीं येईल, पण धाट चेचून गेलें तर बैलाचा कडबा गेला. आणि कडब्यावांचून बैल कोण पोसणार?

हा कडबाच पुढें आटला. १९७२ च्या दुष्काळांत चाऱ्यावांचून असंख्य दावणी मोकळ्या झाल्या. त्यानंतरच्या दशकांत ज्वारीच्या रानांत सोयाबीन शिरलें, आणि सोयाबीनच्या भुसकटास कडब्याची सर नाहीं. १९५९ पासून भारतांत ट्रॅक्टर बनूं लागले होतेच. आज नांदेड-लातूरकडे पस्तीस अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर असणाऱ्यास रुंद रोटाव्हेटर घेण्याचा मोह होतो, आणि जड रानांत इंजिन गुदमरूं लागलें म्हणजे त्याला अरुंद औताचें महत्त्व कळतें. लाल कंधारी व देवणी यांची जोपासना करणारे कांहीं लोक अजून आहेत. परंतु पूर्वी एका वाड्यांत जितके बैल बांधलेले असत, तितके आतां कांहीं गांवांत मिळूनहि दिसत नाहींत.

माळेगांवच्या त्या म्हाताऱ्यानें अखेर बैल घेतला नाहीं. विक्रेत्यानें किंमत उतरविली, हातावर टाळी मागितली, तरी तो मान हालवीत राहिला. आम्हीं कारण विचारलें तेव्हां त्यानें आपला पंजा आडवा धरून दाखविला: घरचा बैल याहून चार बोटें ठेंगणा होता, आणि जूं त्याच्याच मानेवर येणार होतें.