क्रूस

'क्रूस' मराठीत पोर्तुगिजांकडून आला; मूळ लॅटिन 'क्रुक्स'. रोमन काळात क्रुक्स म्हणजे गुलाम आणि बंडखोरांना तडफडत मारण्याचा खांब. लॅटिन प्रहसनांत तो चक्क शिवीत येतो. इ.स.पू. 63 मध्ये एका खटल्यात रोमन वक्ता सिसेरोने बजावले, की हा शब्द रोमन नागरिकाच्या शरीरापासूनच नव्हे, तर डोळे, कान आणि विचारांपासूनही दूर असावा. अशा अमंगळ शब्दात ख्रिस्ती श्रद्धेने देवाच्या प्रीतीची खूण पाहिली. भाषेच्या इतिहासात इतकी धाडसी उलथापालथ क्वचितच सापडेल.

शुभवर्तमानांतला ग्रीक 'स्तौरोस' मुळात नुसता उभा खांब. मराठी बायबलातला 'वधस्तंभ' त्याच्याशी अधिक जुळतो. कोकणीत 'खुरीस' रुळला.

येशूने शिष्यांना स्वतःचा क्रूस उचलायला सांगितले. शुभवर्तमानकार लूकने त्यात 'दररोज' ही भर घातली आणि मरणाचे साधन रोजच्या त्यागाचे नाव झाले. आजाऱ्याची वर्षानुवर्षे केलेली सेवाही मग क्रूसच.

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस उमटतो. उपवासकाळातल्या शुक्रवारी वसईच्या चर्चमध्ये चौदा स्थानांची 'क्रूसाची वाट' होते. मुंबईच्या गावठाणांत मात्र क्रूस म्हणजे चौकातले प्रार्थनास्थळही. त्यांतले बरेच 1896 च्या प्लेगच्या साथीत उभारलेले.