विजेचा ठरीव दर आणि फिरता दर

वर्षाची तूरडाळ एकदम भरावी, कीं महिन्याच्या महिन्याला लागेल तशी आणावी, हा प्रश्न मराठी गृहिणीस नवा नाहीं. इंग्लंडांतील गृहस्थास हाच प्रश्न विजेच्या व गॅसच्या बाबतींत पडूं लागला, तो मात्र विसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस. १९९० सालच्या डिसेंबरांत तेथील सरकारनें विभागवार वीजमंडळें खासगी भागधारकांस विकलीं. पुढें सप्टेंबर १९९८ ते मे १९९९ या अवधींत घरोघरच्या ग्राहकास आपला वीजपुरवठादार निवडण्याची मोकळीक मिळाली, आणि २००२ च्या एप्रिलांत घरगुती दरांवरील सरकारी नियंत्रणही उठलें. तारा त्याच, दिवा तोच. बदलला तो हिशेब.

या हिशेबाचे मुख्य प्रकार दोन. ठरीव करारांत युनिटचा दर वर्ष-दोन वर्षें जागचा हलत नाहीं; मुदतीपूर्वीं करार मोडल्यास बहुधा दंड पडतो. फिरत्या करारांत कंपनी सूचना देऊन दर वाढवूं वा उतरवूं शकते, व ग्राहकही केव्हांही सोडून जाऊं शकतो. ठरीव दर म्हणजे ठरीव बिल नव्हे, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानांत येत नाहीं. जास्त जाळलें तर जास्त भरावें लागतेंच. आपल्याकडील बिलावर जो ‘स्थिर आकार’ छापलेला असतो तो आणखी निराळा. एकही दिवा न लावतां तो द्यावा लागतो. ग्राहक बटण केव्हां दाबील याची वाट पाहत यंत्रें सज्ज ठेवण्याचा खर्च वेगळा मोजावा, हा विचार १८९२ सालीं जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्यानें मांडला. त्या आकाराचें कूळ तेथें आहे.

ठरीव दराचें वचन कंपनीला देतां येतें, कारण ती पुढील महिन्यांची वीज घाऊक बाजारांत आगाऊ खरेदी करून ठेवते. या निश्चिंतीची किंमत ग्राहकानें थोडी अधिक मोजावी, हें न्यायाचें. इंग्लंडांत मात्र उलट घडलें. नवें गिऱ्हाईक ओढण्यासाठीं कंपन्यांनीं ठरीव दर स्वस्त ठेवले, आणि जो कांहींच निवड करीत नाहीं त्याला महाग फिरत्या दरावर राहूं दिलें. स्पर्धा व बाजार प्राधिकरणानें २०१६ सालीं चौकशी पुरी केली, तेव्हां सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे ७० टक्के ग्राहक या दुसऱ्या वर्गांत सांपडले. कमी मिळकतीचे, कमी शिकलेले, भाड्याच्या घरांत राहणारे लोक करार बदलण्यांत मागें पडत असल्याचेंही दिसून आलें. म्हणजे गरिबाच्या बिलांतून चतुराला सूट मिळत होती! २०१८ सालीं कायदा झाला आणि १ जानेवारी २०१९ पासून फिरत्या दराला कमाल मर्यादा आली. सर्वसाधारण घराच्या वीज व गॅस मिळून वार्षिक खर्चास ती प्रथम ११३७ पौंड पडे.

२०२१ च्या उत्तरार्धांत गॅसचे भाव भडकले आणि सगळा व्यवहार उलटापालटा झाला. मर्यादेच्या आड असलेला फिरता दर आतां सर्वांत स्वस्त ठरला; आळशाचा दर शहाण्याचा झाला. ज्यांनीं उन्हाळ्यांतच ठरीव करार केले होते ते स्वस्थ होते, परंतु तेही सगळे नव्हेत. आगाऊ खरेदी पुरेशी न केलेल्या कंपन्या बुडूं लागल्या. वर्षभराच्या आंत जवळजवळ तीस बुडाल्या. त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे सोंपविण्यांत आले, आणि स्वस्त ठरीव करार बुडालेल्या कंपनीबरोबरच गेला. वचन देणाऱ्याची ऐपत तपासण्याचें काम घरच्या कर्त्यानें करावें तरी कसें?

एप्रिल २०२२ मध्यें मर्यादा १९७१ पौंडांवर गेली. ऑक्टोबरसाठीं ती ३५४९ जाहीर झाली, तेव्हां अनेक घरांत खरीच धास्ती पसरली. मिळेल त्या चढ्या दरानें करार बांधून घ्यावा, कीं थांबावें? ८ सप्टेंबर रोजीं सरकारनें साधारण घराचा खर्च २५०० पौंडांवर रोखण्याची हमी दिली, व घाईनें करार केलेल्यांसही युनिटमागें सूट दिली. थांबणाऱ्यांस तारलें तें दूरदृष्टीनें नव्हे, सरकारी तिजोरीनें.

अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत अशी हमी नव्हती. तेथें ग्रिडी नांवाची कंपनी महिना ९.९९ डॉलर घेऊन घाऊक बाजाराचा भाव जसाच्या तसा ग्राहकास लावी. एरवीं तो फार स्वस्त पडे. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळांत वीजकेंद्रें बंद पडलीं, आणि घाऊक भाव युनिटला ९ डॉलर झाला व दिवसच्या दिवस तेथेंच राहिला. कांहीं घरांचीं बिलें हजारों डॉलरांचीं आलीं. शेजारीं ठरीव दराचा करार असलेल्या घरास युनिट नेहमींच्याच भावानें मिळत होतें. मार्चांत ग्रिडीनें दिवाळें काढलें. त्याच वर्षीं टेक्ससच्या विधिमंडळानें असे करार घरगुती व लहान व्यापारी ग्राहकांशीं करण्यास बंदी केली. मोठ्या व्यापाऱ्यांना मात्र, धोका समजल्याची लेखी कबुली दिल्यावर, ते करण्याची मुभा राहिली.