स्वयंचलित सुकाणू

स्वयंचलित सुकाणू ही नौका ठरावीक दिशेने चालती ठेवण्यासाठी सुकाणू आपोआप फिरवणारी विद्युत यंत्रणा होय. पंढरपूरच्या चंद्रभागेतील वल्ह्यांच्या होड्यांना तिची गरज नसते. लांबच्या सागरी प्रवासात, विशेषतः एकट्या खलाशाला, तिच्याविना झोप घेणे कठीण असते.

इतिहास

कुशल सुकाणूधारक केवळ दिशेतील चूक पाहत नाही. ती चूक किती वेगाने वाढते आणि किती काळ टिकते हेही तो लक्षात घेतो. या निरीक्षणावरून निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये गणिती सिद्धांत मांडला. आजची यंत्रेही त्याच तत्त्वावर चालतात.

रचना

यंत्रणेत इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, सुकाणूचा कोन मोजणारा संवेदक, संगणक, नियंत्रण फलक आणि सुकाणू ढकलणारा विद्युत किंवा द्रवचालित दट्ट्या असतो. दट्ट्याचा ताण मोठा असल्याने त्याची बैठक नौकेच्या भक्कम भागावर बोल्टने पक्की करतात. नुसत्या पातळ फळीवर ती टिकत नाही.

होकायंत्राची जागा

बसवणीतील बहुतेक चुका येथे होतात. होकायंत्र नौकेच्या मध्याजवळ आणि शक्यतो खाली, म्हणजे हेलकावे कमी असतील तेथे बसवतात. इंजिन, ध्वनिक्षेपक आणि लोखंडी सामान त्यापासून दूर हवे. कपाटात नंतर ठेवलेला हत्यारांचा डबाही दिशा चुकवू शकतो. जवळून जाणाऱ्या धन व ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्यास त्यांची चुंबकीय क्षेत्रे बहुतांशी परस्परांना निष्प्रभ करतात.

वीजजोडणी

तार बारीक असल्यास व्होल्टता घटते आणि जोर लागतो तेव्हाच, म्हणजे खवळलेल्या समुद्रात, यंत्र बंद पडते. समजा, १२ व्होल्टवरील मोटर १५ अँपिअर घेते आणि बॅटरी ६ मीटर दूर आहे. जाण्यायेण्याची तार १२ मीटर होते. घट ३ टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्टच्या आत ठेवायची तर तांब्याच्या तारेचा छेद सुमारे ९ चौरस मिलिमीटर लागतो. व्यवहारात १० चौरस मिलिमीटरची तार घेतात. खाऱ्या हवेत उघडे तांबे लवकर काळे पडते, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात. फ्यूज बॅटरीजवळ बसवतात, कारण त्याच्या अलीकडे तार घासून जोडमंडल झाल्यास संरक्षण उरत नाही.

चाचणी

धक्क्याला बांधलेल्या नौकेवर सुकाणू उजवीकडे-डावीकडे योग्य फिरते का ते पाहतात. नंतर शांत पाण्यात सावकाश वर्तुळे घेऊन होकायंत्रातील विचलन दुरुस्त करतात.

मर्यादा

यंत्र दिशा राखते, समोरचे जहाज पाहत नाही. १९७२ च्या टक्कर प्रतिबंधक नियमांनुसार प्रत्येक जलयानावर सदैव योग्य टेहळणी बंधनकारक आहे. १९६७ मध्ये 'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येस खडकावर आदळले. ऐन वेळी चाक फिरवूनही ते वळले नाही, कारण निवडदांडा हस्तनियंत्रणावर नव्हता. म्हणून हस्तनियंत्रणाकडे वळण्याची सोय हाताशी आणि ओळखता येईल अशी असावी लागते.

वाऱ्यावर चालणारे सुकाणू

याला वीज लागत नाही. पाते वाऱ्याशी राखलेल्या कोनानुसार सुकाणू हलवते. त्यामुळे वारा फिरला की नौकाही फिरते. २०१८ च्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत विद्युत स्वयंचलित सुकाणूला मनाई होती. गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या नौकेतून अभिलाष टोमी त्या शर्यतीत उतरले होते. याआधी २०१२-१३ मध्ये त्यांनी गोव्यातच बांधलेल्या 'म्हादेई'तून मुंबईहून निघून न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती.