वक्तृत्वशास्त्र, ग्रीक
श्रोत्यांचे मन वळविण्याच्या कलेचा प्राचीन ग्रीकांनी केलेला पद्धतशीर विचार. सिसिलीतील सिराक्यूज येथे इ. स. पू. सु. ४६६ मध्ये जुलमी राजवट कोसळल्यावर जमिनींचे दावे उभे राहिले व त्यांतून कोरॅक्स आणि टिसिअस यांनी हे शास्त्र रचले, अशी परंपरा आहे. अथेन्समध्ये पक्षकाराला न्यायालयात स्वतःच बोलावे लागे. साहजिकच लिसिअससारख्या भाषणलेखकांना मागणी आली (तो स्वतः तेथील नागरिक नव्हता). प्लेटोने गॉर्जिअस या संवादात वक्तृत्वाला पाककलेच्या पंक्तीस बसविले : ते रुचते, पण हित पाहत नाही. हा आक्षेप कठोर असला, तरी इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटीसला बहुमताने झालेला मृत्युदंड पाहता अनाठायी वाटत नाही. ॲरिस्टॉटलने मात्र वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांच्या भावना व युक्तिवाद ही तीन साधने मानली. पूर्वसूरींनी भावना चेतविण्यावरच भर देऊन युक्तिवादाची उपेक्षा केली, असा ठपकाही त्याने ठेवला.